फ्रान्समधलं घर आणि पंचवीस तासांचं वेबिल

“एवढी फ्रेंच शिकलीस ती परक्यांची पोरं राखायला?” आजीने हे विचारलं तेव्हा मी कांदा चिरत होते, म्हणून डोळ्यांतलं पाणी खपून गेलं. जानेवारी २०२३. पुण्यात बी.ए. झालं होतं, आलियाँस फ्राँसेझ या फ्रेंच शिकवणाऱ्या संस्थेत ए-टू पातळीपर्यंतच्या परीक्षा दिल्या होत्या, आणि पुढच्या शिक्षणासाठी फ्रान्सला जायला लागतात तेवढे पैसे घरात नव्हते. वर्गातल्या एका मैत्रिणीने ‘ओ पेर’बद्दल सांगितलं. परक्या देशात एका कुटुंबात राहायचं, त्यांच्या मुलांकडे बघायचं. बदल्यात खोली, जेवण आणि हातखर्चाला पैसे. उरलेल्या वेळात भाषा शिकायची. शब्दाचा अर्थ ‘बरोबरीने’. आजीला हा अर्थ सांगितला, तिने नुसतं “हं” केलं.

आईला मी कुठे झोपणार याची काळजी. पप्पा मिरज डेपोला एकतीस वर्षं कंडक्टर होते. त्यांनी एवढंच विचारलं, “ड्युटी किती तासांची?”

“आठवड्याला पंचवीस. त्याहून जास्त घेता येत नाही.”

“मग वेबिल ठेव. रोजचं रोज लिहायचं.”

मी हसले. वेबिल म्हणजे कंडक्टर ड्युटीची नोंद ठेवतो तो कागद. माझी ती वहीच झाली, तिच्याबद्दल पुढे येईलच.

कुटुंब शोधायला अडीच महिने लागले. एका संकेतस्थळावर माहिती भरली, चाळीसेक निरोप पाठवले, सहा घरांशी व्हिडिओवर बोलणं झालं. त्यातलं एक ‘कुटुंब’ फारच प्रेमळ निघालं. पहिल्याच दिवशी होकार दिला, आणि दुसऱ्या दिवशी व्हिसाच्या खर्चापोटी आधी पैसे पाठव, आल्यावर परत देऊ, असा मेल. असा मेल आला की तिथेच थांबायचं. खरं कुटुंब तुमच्याकडे पैसे मागत नाही.

जे घर मिळालं ते ल्यों शहराच्या पश्चिमेला टेकड्यांवरच्या एका गावात होतं. मेट्रोच्या डी मार्गाचं शेवटचं स्टेशन गार द वेझ, तिथून पुढे बस. आई-वडील दोघं नोकरी करणारे. थोरली सात वर्षांची, धाकटा साडेतीन. मी त्यांना खोली दाखवायला सांगितली, बुधवार कसा असतो ते विचारलं (फ्रान्समध्ये बऱ्याच गावांत बुधवारी शाळा नसते), आणि आधीच्या ओ पेर मुलीचा नंबर मागितला. ती जर्मन होती, अर्धा तास मोकळेपणाने बोलली. शेवटी म्हणाली, “मुलं छान आहेत. फक्त शाळेच्या सुट्ट्यांचं आधीच नीट विचारून घे.” मी ‘हो हो’ म्हटलं आणि विचारलं नाही. काय विचारायचं तेच कळलं नव्हतं.

जेवणाचं मात्र पहिल्याच बोलण्यात स्पष्ट केलं. चिकन, मासे, अंडी खाते, गाई-बैलाचं आणि डुकराचं मांस खात नाही. घरच्या बाईंनी, म्हणजे मुलांच्या आईने, ते लिहून घेतलं. आणि मी गेल्यावर पहिल्या रात्री विचारलं, “हॅम तर खातेस ना?”

मग कागद. २०१८ च्या कायद्याने ओ पेरसाठी वेगळा व्हिसा आणि परवाना आला, त्यामुळे त्याआधी गेलेल्या मुलींच्या हकिकती वाचून गोंधळू नका. मुख्य कागद म्हणजे कुटुंबाबरोबरचा करार. त्याचा ठरलेला सरकारी फॉर्म आहे, क्रमांक १५९७३. वय १८ ते ३०, काम आठवड्याला २५ तासांपर्यंत, किमान एक पूर्ण दिवस सुट्टी, हातखर्च महिन्याला निदान ३२० युरो, राहणं-जेवण त्यांच्याकडे. मला ३२० च ठरले. तेव्हा युरो नव्वद रुपयांच्या आसपास होता, म्हणजे साधारण २८,८०० रुपये. माझ्या मावशीने लगेच तेवढ्या पगाराची पुण्यातली नोकरी सुचवली. शिवाय माझा भाषावर्ग आणि बसचा पास ते भरणार होते. हे मी करारातच लिहून घेतलं, कारण पप्पा मागे उभे होते.

करार दोन्हीकडच्या सह्या होऊन मेच्या शेवटी हातात आला. व्हिसाची फी ९९ युरो, शिवाय अर्ज घेणाऱ्या केंद्राचे वेगळे पैसे. जूनमधली तारीख मिळायला तीन आठवडे गेले. भेटीच्या दिवशी मी प्रत्येक कागदाच्या दोन-दोन प्रती, पदवीचं प्रमाणपत्र, फ्रेंचच्या परीक्षेचे गुण आणि मी हे का करतेय याचं फ्रेंचमधलं एक पानी पत्र घेऊन गेले. खिडकीपलीकडच्या मुलाने ओ पेरचा अर्ज बहुधा पहिल्यांदाच पाहिला होता. तो दोनदा आत जाऊन विचारून आला, मी बाहेर पाणी पीत बसले. पासपोर्ट सतराव्या दिवशी परत आला. ते सतरा दिवस आजी रोज विचारायची, “आलं का गं तुझं ते?” तिचा विरोध कधी मावळला ते आम्हाला कळलंच नाही.

विमानाचं एकमार्गी तिकीट ४२,००० रुपये. मुंबई ते पॅरिस, आणि विमानतळाच्या खालूनच सुटणाऱ्या वेगवान रेल्वेने दोन तासांत ल्यों. २९ ऑगस्टला संध्याकाळी ल्योंच्या पार-दिय स्टेशनावर चौघंही घ्यायला आले होते. थोरलीने माझ्या नावाची पाटी रंगवली होती. धाकटा बापाच्या पायामागे, तोंडात एका कळकट कापडी सशाचा कान. हा ससा म्हणजे त्याचा ‘दूदू’. फ्रान्समधल्या बहुतेक प्रत्येक लहान मुलाचं असं एखादं मऊ चिंधूक असतं, आणि ओ पेरच्या आयुष्यात त्याचं स्थान आई-बापांच्या किंचित वर असतं.

पहिला आठवडा जड गेला तो संबोधनामुळे. फ्रेंचमध्येही आपल्यासारखंच ‘तू’ आणि ‘तुम्ही’ आहे. बाई म्हणाल्या, मला नावाने हाक मार आणि ‘तू’ म्हण. चाळिशीच्या बाईला, जिच्या घरात राहतेय तिला, अगं-तुगं! तीन दिवस मी वाक्यं अशी फिरवत होते की सर्वनामच येऊ नये. शेवटी थोरलीच म्हणाली, “तू आईला हाक का मारत नाहीस?” तेव्हा जीभ रेटली. त्यांच्या आईला, म्हणजे मुलांच्या आजीला, मी शेवटपर्यंत ‘तुम्ही’च म्हटलं. ती मला ‘तू’ म्हणायची. तिथे मात्र एकदम घरी असल्यासारखं वाटायचं. मुलांना मी ‘ताई’ शिकवलं. धाकट्याच्या तोंडी त्याचं ‘तायी’ झालं आणि तेच राहिलं.

सोमवार ४ सप्टेंबरला शाळा सुरू झाली आणि माझा दिवसही ठरला. साडेसातला खाली. मुलांसाठी कोकोचं दूध आणि लोणी-जॅम लावलेला पाव. दात, बूट, दप्तर, दूदू. साडेआठच्या आत शाळा. मग सव्वाचारपर्यंत मी मोकळी. मंगळवार-गुरुवारी सकाळी ल्योंला भाषावर्ग. दुपारचं मुलं शाळेच्या कांतीनमध्येच जेवायची. साडेचारला फाटकावर, हातात ‘गूते’ घेऊन. गूते म्हणजे चारचं खाणं, पण त्याचे नियम सोवळ्यासारखे कडक. पाव आणि चॉकलेटच्या वड्या, नाहीतर फळाची पिशवीबंद चटणी. साडेचार ते पाच एवढ्याच वेळात, आणि नंतर जेवणापर्यंत काही नाही. मला मुलं भुकेली दिसली की काहीतरी हातावर ठेवायची सवय. पहिल्या आठवड्यात सहाला धाकट्याला बिस्किट दिलं, त्याने जेवणाला तोंड लावलं नाही, आणि बापाने मला शांतपणे, अगदी हसून, पंधरा मिनिटं समजावलं. घरी आईने दोन शब्दांत ओरडून मोकळी केली असती.

मग थोरलीचं वाचन, आंघोळ, आणि सव्वासातला आई-बाबा आले की माझी सुट्टी. जेवायला मी त्यांच्याबरोबरच असायचे. आठला मुलं अंथरुणात, त्याला अपवाद नाही.

शाळेच्या फाटकाबद्दल एक महत्त्वाचं. बालवाडीचं मूल आई-बाप किंवा त्यांनी लेखी नाव दिलेल्या माणसाच्याच ताब्यात देतात. माझं नाव यादीत घालायचं राहिलं होतं. पहिल्या संध्याकाळी धाकटा काचेपलीकडे हात हलवतोय, मी अलीकडे, आणि फाटकावरच्या बाई ठाम: “नाव नाही.” आईचा फोन लागेपर्यंत वीस मिनिटं गेली. त्यात वाईट काही नव्हतं, उलट बरंच वाटलं, पण आजूबाजूच्या आया बघत होत्या आणि माझं सगळं फ्रेंच नेमकं तेव्हाच उडून गेलं. पहिल्या दिवसाच्या आधी यादीत नाव आणि खिशात पासपोर्टची प्रत, दोन्ही असू द्या.

दुसरं, ‘बाँझूर’, म्हणजे नमस्कार. दुकानात, बसमध्ये, दवाखान्यात, काहीही बोलायच्या आधी हा शब्द म्हणायचाच. मी पावाच्या दुकानात पहिल्यांदा गेले ती सरळ “दोन बागेत द्या” म्हणून (बागेत म्हणजे तिथला लांब पाव). दुकानदारीणबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, “बाँझूर.” मी पुन्हा, “दोन बागेत.” त्या पुन्हा, “बाँझूर, मादम्वाझेल.” तिसऱ्यांदा उजेड पडला.

याच बाईंनी ऑक्टोबरमध्ये माझी अब्रू वाचवली. एका गुरुवारी शाळेतून येताना ससा हरवला. घरी पोचल्यावर कळलं. धाकटा आधी नुसता उभा राहिला, मग जमिनीवर झोपला, मग जो आवाज काढला तो मी आजवर ऐकला नव्हता. थोरली मोठ्या बाईसारखी म्हणाली, “आता तो रात्रभर झोपणार नाही.” दोघांना घेऊन पुन्हा निघाले. बागेतली घसरगुंडी, बसथांबा, शाळेचं फाटक. पाऊस. मी मराठीत स्वतःला शिव्या घालत होते, आणि थोरली विचारत होती, “तायी, हे काय म्हणतेस?” पावाचं दुकान बंद व्हायच्या बेतात होतं. आत बघते तर गल्ल्याशेजारी, पावांच्या टोपलीला टेकून, ससा बसलेला. बाई म्हणाल्या, “मला ठाऊक होतं तुम्ही येणार.” मी आधी बाँझूर म्हटलं. मग रडले.

त्या रात्री मुलांच्या आईने तसाच दुसरा ससा इंटरनेटवरून मागवला. तो आला, पण कोरा करकरीत. धाकट्याने हुंगला आणि फेकला. मग मी तो महिनाभर माझ्या उशीखाली ठेवला, चार वेळा धुतला, जिन्यावर लोळवला, तेव्हा कुठे तो निभेल इतपत मळला.

कागदांचं काम यात मधेमधे चालूच होतं. आल्यापासून तीन महिन्यांच्या आत व्हिसा ऑनलाइन नोंदवून त्याचा कर भरावा लागतो. नाही केलं तर तुमचा मुक्काम बेकायदा ठरतो. हे पहिल्याच आठवड्यात उरका, अर्धा तासही लागत नाही. बँकेचं खातं मात्र डोकेदुखी. पहिल्या बँकेने दोन आठवड्यांनंतरची वेळ दिली आणि त्या दिवशी ‘ओ पेर म्हणजे पगारदार नाही आणि विद्यार्थीही नाही’ म्हणून परत पाठवलं. दुसरीकडे जमलं. तिथे लागलं ते म्हणजे घरमालकाने ‘ही आमच्याकडे राहते’ म्हणून सही केलेलं पत्र, त्यांच्या ओळखपत्राची प्रत आणि तीन महिन्यांच्या आतलं विजेचं बिल. हा संच एकदाच करून चार प्रती काढून ठेवा, वर्षभर लागतो.

आणि मग तुसँची, म्हणजे सर्व संतांच्या सणाची सुट्टी. फ्रान्समध्ये साधारण सहा-सात आठवडे शाळा झाली की दोन आठवडे सुट्टी असते. त्या वर्षी २१ ऑक्टोबरपासून होती. आई-बाबांना ऑफिस होतंच. शाळेच्या आठवड्यात माझा हिशेब अगदी बसायचा: चार दिवस रोज चार तास म्हणजे सोळा, बुधवारी नऊ, एकूण पंचवीस. सुट्टीत मुलं दिवसभर घरात. सोमवारी दहा तास झाले, मंगळवारी दहा, बुधवारी नऊ, गुरुवारी दहा. गुरुवारी रात्रीच एकोणचाळीस. त्यांच्या लक्षातही आलं नव्हतं. मी घरातच होते, मुलं माझ्या अंगाखांद्यावर होती, आई थकून येत होती. अशा वेळी ‘माझे तास संपले’ कसं म्हणायचं? आपल्याकडे घरातल्या माणसाने तास मोजले तर ते वाईट दिसतं. पण पगारदार बाई असते तर मोजलेच असते. जर्मन मुलगी काय सांगत होती ते आत्ता उमगलं.

रात्री पप्पांना फोन केला. ते म्हणाले, “वेबिल आहे ना? मग भांडायचं कशाला. दाखवायचं.”

शुक्रवारी सकाळी वही टेबलावर ठेवली. रोजची तारीख, वेळ, तास, चार सप्टेंबरपासून. सांगायची वाक्यं रात्री पाठ केली होती, तरी आवाज कापत होता. बाई गप्प बसून पानं उलटत राहिल्या. दोन वेळा पूर्वी शनिवारी रात्री ती दोघं बाहेर गेली होती, तेही तास त्यात होते. मग त्या म्हणाल्या, “तू हे आधी का नाही सांगितलंस?” थोडा राग होता, थोडी लाज. त्या दिवशी त्यांनी रजा घेतली. दुसरा आठवडा मुलं आजी-आजोबांकडे गेली. वर झालेल्या तासांच्या बदल्यात मला नोव्हेंबरमध्ये दोन जास्तीच्या सुट्ट्या मिळाल्या. आणि फ्रिजवर एक तक्ता आला, दर रविवारी रात्री आम्ही तिघांनी भरायचा. त्यानंतर एखादा तास इकडेतिकडे झाला तरी मला काही वाटेनासं झालं, आणि त्यांनाही मला काही मागताना अवघडल्यासारखं व्हायचं नाही. तुम्ही जाणार असाल तर शाळेच्या वर्षातल्या चारही सुट्ट्यांचं वेळापत्रक निघायच्या आधी मागून घ्या. शाळांच्या तारखा सरकार आधीच जाहीर करतं. काही सुट्ट्यांच्या तारखा विभागानुसार बदलतात, ल्यों ‘अ’ विभागात येतं.

दिवाळी १२ नोव्हेंबरला होती, रविवार. दोन सुट्ट्या तिथेच लावल्या. ल्योंच्या गियोतियेर भागातल्या दुकानांतून पोहे, रवा आणले. शंकरपाळ्यांना मैदा म्हणून तिथलं टी-४५ पीठ उत्तम चालतं. थोरलीने कातण मनासारखं चालवलं, एकही शंकरपाळी चौकोनी झाली नाही. चार पणत्या लावल्या. धाकटा म्हणाला, “पण अजून आठ डिसेंबर आला नाही.”

ते मला डिसेंबरात समजलं. १८५२ साली ल्योंमधल्या फुर्व्हिएरच्या टेकडीवर मेरीचा पुतळा बसवायचा होता. सप्टेंबरात सोन नदीला पूर आला म्हणून समारंभ ८ डिसेंबरवर गेला. त्या दिवशीही वादळ आलं, आणि ते निवळल्यावर लोकांनी आपापल्या खिडक्यांत मेणबत्त्या लावल्या. तेव्हापासून दर वर्षी लावतात. शहरात आता दिव्यांचे मोठे खेळ असतात, तुडुंब गर्दी असते, पण मला लक्षात राहिली ती आमची गल्ली. अंधार, थंडी, आणि प्रत्येक खिडकीत काचेच्या पेल्यांची रांग. माझ्या आईला व्हिडिओवर दाखवलं. “अगं, मग तिकडेपण आहेच की,” ती म्हणाली.

जानेवारी-फेब्रुवारीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. सकाळी अंधारात शाळा, आल्यावर थोड्या वेळात पुन्हा अंधार. धाकट्याला ताप, मग पोट, मग मला पोट. तापाचं औषध तिथे मुलाच्या वजनावर देतात, पिचकारीवर किलोच्या खुणा असतात. तरी आई-बापांकडून लेखी घेतल्याशिवाय काही देऊ नका. रुग्णवाहिकेचा नंबर १५, तो फ्रिजवर लावलेला असू द्या. त्या दोन महिन्यांत मी तीनदा परतीचं तिकीट शोधलं. एकदा रात्री खोलीत बसून मेतकूट नुसतं चमच्याने खाल्लं.

फेब्रुवारीच्या सुट्टीआधी शाळेच्या वहीत चिठ्ठी चिकटवून आली: वर्गात उवा झाल्या आहेत. थोरलीला झाल्या, मग कमरेपर्यंत केस असलेल्या मला. औषधाच्या दुकानातून शाम्पू आला, प्लास्टिकचा कंगवा आला, काही उपयोग झाला नाही. मी बॅगेच्या तळातून आजीने कोंबलेली लाकडी फणी काढली. पांढरा टॉवेल पसरून आईला, लेकीला आणि मग स्वतःला विंचरलं. बाई टॉवेलकडे बघत बसल्या. म्हणाल्या, “ही फणी कुठे मिळते?” आजीला हे कळवल्यावर ती पहिल्यांदा माझ्या कामावर खूश झाली.

माझं फ्रेंच कुठे सुधारलं म्हणाल तर वर्गात व्याकरण आणि धाकट्याकडून शब्दांची लिंगं. साडेतीन वर्षांचं पोर मला थांबवून सांगायचं, “तायी, मोटार ‘ती’ असते.” कधीही न कंटाळता. मेमध्ये एकदा फोनवर मुलांच्या आजीने मला ओळखलं नाही, मुलीचीच मैत्रीण समजली. त्या दिवशी तूप-मेतकूट-भात केला. तोपर्यंत धाकटा तो ‘पिवळा भात’ म्हणून मागून खायला लागला होता. तूप म्हणजे घरीच कढवलेलं लोणी. हॅम कुणी पुन्हा विचारलं नाही.

पैशांचं थोडक्यात: दहा महिन्यांचे ३,२०० युरो मिळाले. जुना पण चांगला हिवाळी कोट ३५ युरोला, पॅरिस आणि आनसीच्या दोन सहली, फोन, बाहेरचं खाणं. परतीचं तिकीट काढून सहाशेच्या आसपास उरले. कमाई म्हणून कुणी जाऊ नये.

५ जुलै २०२४ ला शाळा संपली. फाटकावरच्या त्याच बाईंनी यादी न बघता धाकट्याला माझ्याकडे दिलं आणि “सप्टेंबरमध्ये भेटू” म्हणाल्या. त्यांना मी सांगितलं नाही. सप्टेंबरसाठी कोलंबियाची मुलगी ठरली होती. तिच्यासाठी मी दोन संध्याकाळी बसून तीन पानं लिहिली. गूतेची वेळ, बसच्या वेळा, शाळेच्या यादीत नाव, बँकेचे कागद, रविवारचा तक्ता, फणी कुठल्या कपाटात आहे ते. आणि सगळ्यात खाली, दोन रेघा मारून: ससे दोन आहेत. दुसरा वरच्या खणात, मोज्यांच्या मागे. दोन्ही एका वेळी त्याच्या नजरेला पडू देऊ नकोस.